पाणी दाखवणारे गाव

पूर्वी उत्तरेच्या डोंगरांत, जिथे ढगही चढून येईपर्यंत रिकामे होतात अशा शिलावती देशात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व एका लाकूडव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला. त्याचे नाव धम्मिल. मोठा झाल्यावर तो खेचरांचा तांडा घेऊन डोंगर चढे आणि तिथली वाळलेली जर्दाळूची झाडे विकत घेऊन नगरात आणी. त्या कोरड्या देशात लाकूड दुर्मिळ होते. जर्दाळूच्या खोडाचे पेटारे आणि वीणा बनत, त्यामुळे चार झाडे वाळलेली मिळाली तरी व्यापाऱ्याचे वर्ष सुखात जाई.

डोंगरातले सर्वांत उंच गाव उपलग्राम. पाऊस तिथे आला तर पाहुण्यासारखा येई, आणि तोही न जेवताच निघून जाई. वरच्या बर्फाचे पाणी आणणाऱ्या एका पाटावर सारे गाव जगत होते. प्रत्येक अंगणात एक जर्दाळू असे. त्याला घरझाड म्हणत. उन्हाळ्यात त्याची सावली, हिवाळ्यात वाऱ्याला आडोसा आणि वर्षभर सुकवलेले फळ, इतके एका झाडावर चाले. म्हणून गावाचा नेम होता की, घरझाड वाळले तर ते घर गावातून उठवायचे. ज्याला झाड राखता आले नाही त्याला पाटाचे पाणी कशाला, असे जुने लोक म्हणत. नेम कठोर खरा, पण पाणी थोडे असले की माणसेही कठोर होतात.

दुसरा नेम मायेचा होता. रोज सकाळी घरातल्या थोरल्या माणसाने तांब्याभर पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचे. देवाला नैवेद्य दाखवतात तसे, म्हणून या रिवाजाला 'पाणी दाखवणे' असेच म्हणत. पाट गोठला तर चुलीवर बर्फ वितळवून, पण तांब्या कोणी चुकवत नसे.

एके वर्षी कार्तिकात धम्मिल आणि त्याचा भागीदार कालक गावात आले, तेव्हा निम्म्या अंगणांतली झाडे वेळेआधीच पाने गाळून उभी होती. शेंडे काळे पडले होते, खोडांना दक्षिणेकडून भेगा गेल्या होत्या. दोन वर्षे धड बर्फ पडले नव्हते. गावावर सुतकी कळा होती आणि कालकाच्या तोंडावर मात्र दिवाळी.

"झाडं वाळली, आपलं नशीब हिरवं झालं," तो धम्मिलला म्हणाला.

त्याने ग्रामणीशी, म्हणजे गावच्या प्रमुखाशी, सौदा केला. ग्रामणी उग्गत सरळ मनाचा, पण रिवाजाबाहेर पाऊल न टाकणारा माणूस होता. ठरले असे की वैशाखी पौर्णिमेला पंच अंगणोअंगणी जातील, फांदी वाकवून पाहतील. कडकन मोडली तर झाड मेले. ते झाड व्यापाऱ्यांचे आणि ते घर खाली उतरणार. बर्फाळ घाटातून खेचरे नेता येत नसल्याने व्यापाऱ्यांनीही हिवाळा तिथेच काढायचा होता. कालक चुना घेऊन खोडांवर खुणा करीत फिरू लागला.

एका अंगणात पुण्णिका नावाची म्हातारी राहत असे. मुलगा कड्यावरून पडून गेला होता. घरात ती आणि तिची गरोदर सून. कालकाने तिच्या झाडावर खूण केली तेव्हा ती तांब्या घेऊन आली आणि नेहमीसारखे बुंध्याशी पाणी ओतले.

"आजी, हे असं रोज करता?" मागून आलेल्या धम्मिलने विचारले.

"सासूनं शिकवलं तसं करते. घरची भांडी विसळायची राहिली तरी चालतील, झाडाचा तांब्या राहत नाही. तरी वाळलं. माझं मला काही नाही रे बाबा. पण पोरीला अशा अवस्थेत आणि मग तान्ह्या जिवाला घेऊन हा घाट कसा उतरवू?"

धम्मिलने नखाने फांदीची साल खरवडली. आत हिरवे होते. मग त्याने बुंध्याशी बोटे खुपसली. माती चिखल झाली होती आणि साल कुजू लागली होती. तो सावलीच्या कडेपर्यंत चालत गेला आणि तिथे उकरले. तिथली माती कोपरभर खोल राखेसारखी कोरडी निघाली.

गप्प बसण्यातच फायदा होता आणि ते त्याला चांगले कळत होते. झाड मेले नव्हते. आणखी एक हिवाळा गाव असेच वागले तर मात्र मरणार होते, आणि मेलेल्या झाडाचाच तो व्यापारी होता.

"आजी," तो म्हणाला, "तुमचं झाड जिवंत आहे. ते तहानलेलं आहे."

"तहानलेलं? रोज पाणी दाखवते मी."

"दाखवता. पाजत नाही. त्याची तोंडं बुंध्याशी नसतात, सावलीच्या कडेला असतात, जमिनीत खोल. तांब्याभर पाणी तिथवर पोचतच नाही. नुसते पाय भिजतात आणि घसा कोरडा राहतो."

पुण्णिकेने हातातल्या तांब्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हणजे इतकी वर्षं मी त्याला नुसतं दाखवतच आले होय रे?"

ही गोष्ट गावभर झाली. कालकाने तीत तेल ओतले. हा तुमचा देव बाटवतोय, असे तो घरोघर सांगत सुटला. ग्रामणीने धम्मिलला पारावर बोलावले.

"वाडवडिलांचा रिवाज मोडायला सांगतोस?"

"मोडायला नाही, ग्रामणी. शब्दाप्रमाणे पाळायला सांगतो. तुम्ही त्याला दाखवणं म्हणता ना? मग दाखवाच. रोज सकाळी तांब्या झाडासमोर धरा, नमस्कार करा आणि ते पाणी रांजणात ओता. रांजण चुलीपाशी ठेवा, गोठायचा नाही. भरला की भर दुपारी सावलीच्या कडेने चर खणून सगळं एकदम पाजा. वर शेळ्यांचं खत आणि पेंढा पसरा. खोडाला लोकरीचं जुनं कांबळं गुंडाळा, म्हणजे दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा साल फोडणार नाही. पाटाचा एक थेंबही जास्त लागणार नाही."

"आणि झाड नाहीच जगलं तर?"

"तर माझा तांडा त्या घराचा. खेचरांवर बसवून मी स्वतः त्यांना खाली नेईन आणि त्यांचं घर बांधून देईन."

कालक हसला. मेलेल्या झाडांच्या गावात भागीदार वेडा झाला म्हणाला आणि त्याच दिवशी वेगळा झाला. गावही हसले. पण हसताहसता बायकांनी रांजण घासायला काढले, कारण घर सुटायचे भय हसण्यापेक्षा मोठे होते. पुण्णिकेने आपल्या अंगावरचे कांबळे झाडाला गुंडाळले. धम्मिल हिवाळाभर अंगणोअंगणी चर खणत राहिला. त्याच्या हातांना भेगा पडल्या. माघात पुण्णिकेच्या घरी नात झाली, तेव्हाही झाड तसेच काळे उभे होते.

वैशाखी पौर्णिमेला पंच निघाले. कालक कुऱ्हाडवाल्यांना घेऊन मागे होता. आधी पुण्णिकेचे अंगण लागले. नातीला कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली. ग्रामणीने खालची फांदी हातात धरली आणि वाकवली. साऱ्या गावाने कान टवकारले.

आवाज आला नाही. फांदी वाकली, आणखी वाकली आणि हात सुटताच सरळ झाली. ग्रामणीने मान वर केली. वरच्या काळ्या डहाळ्यांवर, गाठीगाठीला, गुलाबी कळ्या फुटत होत्या. एक फूल पुरते उमलले होते.

पुण्णिका पुढे झाली. "ग्रामणी, आजवर आपण दाखवलं. या खेपेला मी पाजलंय."

ग्रामणीने पागोटे काढून झाडाच्या पायाशी ठेवले. मग तो पुढच्या अंगणात चालत गेला नाही, पळत गेला. तिथेही फांदी वाकली, त्याच्या पुढच्या अंगणातही. गाव त्याच्या मागे धावत सुटले. बायका कांबळ्यांनीच खोडांवरचा चुना पुसत होत्या. सूर्य माथ्यावर येईतो गावात एकही झाड मेलेले निघाले नाही, एकही घर उठले नाही. कालक रिकाम्या कुऱ्हाडींसह ज्या घाटाने आला त्याच घाटाने उतरला.

काही दिवसांनी धम्मिलची खेचरेही रिकामीच निघाली. पण खिंडीत पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिले, तेव्हा त्या दगडी उतारावर अंगणोअंगणी गुलाबी झाडे उभी होती आणि प्रत्येक झाडासमोर कोणीतरी तांब्या उंच धरला होता, खिंडीतून धम्मिलला दिसावा म्हणून. त्याच्याइतका मोठा नफा घेऊन त्या घाटाने कोणी व्यापारी उतरला नसेल. पुढे तो दरवर्षी वर जाई; लाकडासाठी नव्हे, सुकवलेल्या जर्दाळूंसाठी.

ही कथा सांगून झाल्यावर शास्ता बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "त्या जन्मीचा कालक आज देवदत्त आहे. ग्रामणी उग्गत तो आनंद. पुण्णिका ती महाप्रजापती गौतमी आणि तिची नात ती उत्पलवर्णा. लाकूडव्यापारी धम्मिल मीच होतो. ज्याच्या मरणात आपला लाभ आहे, ते जिवंत असताना जिवंत आहे असे सांगणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."