हत्तींची कबड्डी

हत्ती अजून कबड्डी खेळायचे, तेव्हाची ही गोष्ट. वारूळनगरचे महापौर मुंगळेराव यांनी ठरवलं, यंदाची स्पर्धा आपल्याच शहरात भरवायची. हत्तींना साखर पाठवली, आमंत्रण पाठवलं, आणि हत्ती चक्क हो म्हणाले.

सोनकी मुंगी धावतच मुंगळेरावांकडे गेली. खालच्या खोलीत तिची चाळीस अंडी होती.

"साहेब, पकडीत एखादा हत्ती आपटला तर?"

"पाहुण्यांबद्दल असं बोलू नये, ताई. शहराचं नाव होतंय."

मग एक हत्ती जागा बघायला आला. त्याच्या पावलागणिक सोनकीच्या छताची माती अंड्यांवर पडत होती.

"मैदान झकास आहे," हत्ती म्हणाला. "मधला उंचवटा तेवढा काढा."

उंचवटा म्हणजे शहर.

"लगेच काढतो!" मुंगळेराव म्हणाले.

शहर सपाट करायला तीन दिवस लागले. सोनकी एकेक अंडं तोंडात धरून बाभळीच्या बुंध्याशी नेत राहिली. चाळिसावं अंडं उचललं आणि मागे भिंत कोसळली.

चौथ्या दिवशी सगळे हत्ती आले.

"शहर कुठंय?"

"पाडलं ना, साहेब. तुमच्यासाठीच."

"मग आम्ही मुक्कामाला उतरायचं कुठं?" असं म्हणून हत्ती आल्या पावली परत गेले.

संध्याकाळी मुंगळेराव हसत हसत बाभळीशी आले. "ताई, आता गेंड्यांची शर्यत मिळतेय! फक्त ही बाभळ मधे येते."

सोनकी केव्हाच चालू लागली होती. तिच्या तोंडात अंडं होतं.