स्ट्रेचरवर कोण झोपणार?

सुरक्षा प्रशिक्षण म्हणजे सह्या, सामोसे आणि शेवटी ग्रुप फोटो, असा त्या कारखान्याचा शिरस्ता. प्रशिक्षक मृणाल खांबेटे स्ट्रेचर घेऊन आल्या, तेव्हा संचालक धारवाडकर गुरगुरले, “बाई, आमचे इंजिनिअर हुशार आहेत. शिकवत बसू नका, प्रमाणपत्रं देऊन टाका!”

मृणालताईंनी चार इंजिनिअरांच्या हाती प्रमाणपत्रं ठेवली आणि स्ट्रेचर जिन्याच्या तोंडाशी मांडलं.

“झोपा साहेब. आग लागलीय असं समजा. हे चौघे तुम्हाला तीन मजले खाली नेतील.”

साहेबांनी आधी जिना पाहिला, मग ते चौघे. त्यांच्यात स्ट्रेचरचं डोकं कुठलं, यावरूनच वाद जुंपला होता.

साहेबांनी चारही प्रमाणपत्रं परत घेतली आणि ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

“बाई, अगदी पहिल्यापासून शिकवा!”

त्या दिवशी सामोसे पार गार झाले.