दीड तासाचा मामा

पुण्यापासून लांब एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा मामा होता. भाची एकच, वैजू. तिचं लग्न नागपूरला. मामाने नवरीला मांडवात आणून तिच्या पाठीशी उभं राहायचं, त्याशिवाय तिकडे अंतरपाट धरत नाहीत. त्यात नवऱ्याचा बाप कडक. मुहूर्त चुकला तर वऱ्हाड परत नेईन, असं त्याने बजावलेलं. म्हणजे सगळं लग्न सखाहरीवर टांगलेलं. देवालाही कधी कधी गंमत सुचते.

वैजूच्या वडिलांनी, म्हणजे दाजींनी, तिकीट पाठवलं आणि फोन केला. "मेहुणे, रस्त्याने रात्र जाते. विमानाने दीड तास. हळद संध्याकाळी सहाला."

सखाहरीने हिशेब केला. साडेचारला घरातून निघाला. तिकिटावरही वेळ लिहिली होती म्हणे. पण दाजींनी तोंडाने सांगितल्यावर कागद कशाला बघायचा?

एसटी पुण्यात पोहोचली तेव्हा अंधार पडला होता. तिकडे हळद वाळली होती.

दाजी फोनवर ओरडले, "अहो, दीड तास विमानाचा! तुमच्या उंबऱ्यापासूनचा नव्हे! सकाळचं तिकीट काढतो. आणि लक्षात ठेवा, दोन तास आधी जाऊन जागा धरायची."

"आधीच सांगायचं ना," सखाहरी म्हणाला.

सकाळी तो पोहोचला. नवा फेटा, नवं धोतर. मांडव सजला. मुहूर्त जवळ आला. मामा नाही! वैजूची आई, म्हणजे सखाहरीची आक्का, रडकुंडीला आली. शोधता शोधता मामा सापडला जेवणाच्या मांडवात. रिकाम्या पंगतीत एकटाच, मांडी घालून.

"अरे मुडद्या, इथे काय करतोस?"

"आक्का, जेवण दीडला ना? दोन तास आधी बसलोय. दाजींनीच शिकवलंय."

दाजींनी कपाळावर हात मारला. "मेहुणे, विमान लवकर का पोहोचतं? सरळ जातं, वळणं घेत नाही. तसं वैजूला घ्या आणि सरळ मांडवात या. पळा!"

हे सखाहरीला पटलं. वैजूच्या खोलीत गेला, तिचा हात धरला आणि नाकासमोर निघाला. आपला मांडव उजवीकडे होता. उजवीकडे म्हणजे वळण. वळण घेईल तो सखाहरी कसला?

"मामा, आपला मांडव तिकडे!"

"गप. विमानात बसलेली माणसं वाट दाखवत नाहीत."

एका कनातीखालून वाकून गेला, दुसरी फाडून गेला. पलीकडे भलताच मांडव. अंतरपाट धरलेला, भटजी घड्याळ बघत घामाघूम, त्यांची नवरी अजून गजरा माळत होती. मामा आणि नवरी आलेली बघून भटजींनी डोळे मिटून मंगलाष्टकं सुरू केली. वैजू ओरडत होती. सनई-चौघड्यापुढे कोण ऐकतो?

"मध्येच उतरता येत नाही," मामाने समजावलं.

तेवढ्यात दाजींचा फोन आला. "मेहुणे, कुठे आहात? मुहूर्ताला पाचच मिनिटं उरलीत!"

फेट्यावरच्या अक्षता झटकत सखाहरी ऐटीत म्हणाला, "सावकाश या, दाजी. इथे लग्न लागलंसुद्धा."