मिरीची शेंग आणि तापलेली जीप

एक होती उंदरी. मिरीएवढी, म्हणून नाव मिरी. तिला एक पिल्लू. राईएवढं, म्हणून नाव राई.

आज राईचं उष्टावण होतं. राई पहिला घास खाणार! मिरीनं रानातून शेंग आणली. भुईमुगाची. टपोरी. एकच.

फाट्यावर एक जीप उभी होती. मिरीचं बीळ जीपच्या पलीकडे. वळसा कोण घालणार? मिरी जीपवरूनच निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आणि पाय घसरला! शेंग सुटली. गड गड गड! बॉनेटच्या फटीतून आत!

"अगं बाई, माझी शेंग!" मिरी रडकुंडीला आली. तिकडे राई आ करून बसली होती.

मिरी म्हणाली, "जीपताई, जीपताई, शेंग दे ना!"

जीप म्हणाली, "भस्स! भस्स! अंगाची नुसती लाही होतेय. पोटातलं पाणी उकळतंय. पाणी निवेना, मी शेंग देईना."

मिरी गेली पाण्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाणीदादा, पाणीदादा, निव ना! जीप शेंग देईना, राई जेवेना."

पाणी म्हणालं, "खद खद! खद खद! पंखा फिरेना, मी निवेना."

मिरी गेली पंख्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पंखादादा, पंखादादा, फिर ना! पाणी निवेना, जीप शेंग देईना, राई जेवेना."

पंखा म्हणाला, "जीप पळते, तेव्हा वाराच पाण्याला गार करतो. जीप थांबली की ते काम माझं. पण काय करू? वायर जुळेना, मी फिरेना."

मिरी गेली वायरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वायरताई, वायरताई, जुळ ना! पंखा फिरेना, पाणी निवेना, जीप शेंग देईना, राई जेवेना."

वायर म्हणाली, "लोंब लोंब! कुणीतरी मला कुरतडलं गं! दोन तुकडे झाले. मामा बघेना, मी जुळेना."

मिरीनं पटकन तोंड मिटलं. काल दात कुणाचे शिवशिवले होते बरं?

मिरी गेली निवासमामांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

निवासमामा म्हणजे जीपचे ड्रायव्हर. सीटवर बसून ओरडत होते, "चला, चला! निघाली, निघाली!" निघाली कसली! तासभर तिथंच. गाडी उभी, इंजिन चालू. घर्रर्र, घर्रर्र! इंजिन बंद केलं तर लोकांना वाटेल, ही काही निघत नाही.

"निवासमामा, निवासमामा, बघा ना! वायर जुळेना, पंखा फिरेना, पाणी निवेना, जीप शेंग देईना, राई जेवेना."

मामा म्हणाले, "मलाबी कळंना बघ. पळताना गार, थांबली की गरम! पण मी उतरलो की हे आत बसल्यालं नऊ जणबी उतरत्यात. दहावी सवारी येईना, मी बघेना."

मिरीनं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आता कुणाकडे जाणार?

टुणुक! मिरी सीटवर जाऊन बसली. शेपटी आवरून, अगदी ऐटीत.

"मामा, दहावी सवारी मी!"

"उंदीर कुठं सवारी असतीय व्हय?" मामा म्हणाले.

शेजारच्या हौसाक्का सरकून बसल्या. "अरं निवास, गणपतीबाप्पाला पाठीवर घेऊन फिरती ती. तिला बसाय तू एक जागा देईनास? मोज बरं. आठ, नऊ, दहा! उतर खाली!"

मामा शब्दाचे पक्के. उतरले. बॉनेट उघडलं. वायर लोंबत होती. वायरीवर इवल्या इवल्या दातांच्या खुणा.

"आं? कुणाचं गं ह्ये दात?"

मिरीचे कान लाल झाले. "माझेच, मामा. चुकलं. पुन्हा नाही कुरतडणार."

मामा खो खो हसले. "खरं बोललीस, लई झालं! आन मी खुळा, कळशीवर कळशी पाणी वततोय!"

मामांनी बघितलं, वायर जुळली.
वायर जुळली, पंखा फिरला. भिर्र्र्र!
पंखा फिरला, पाणी निवलं.
पाणी निवलं, जीप हसली. "हुश्श! घे बाई तुझी शेंग!"

हुश्श! मिरीचा जीव भांड्यात पडला.

पण हे काय? शेंगेला केवढा खमंग वास! इंजिनाच्या धगीत शेंग मस्त भाजली होती.

"राई, ये गं!" बिळातून राई आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

मामांनी शेंग फोडली. फट्! दाणा चोळला. फू! साल उडालं. "उष्टावणाला मामा लागतोच की! आ कर, भाचे."

राईनं आ केला. कुर्रुम! राई जेवली!

मग मामा ओरडले, "निघाली, निघाली!" आणि जीप खरंच निघाली. नऊ जागांवर नऊ माणसं. दहाव्या, मिरीच्या जागेवर शेंगेचं टरफल. तिथं मामांनी कुणाला बसू दिलं नाही.

मिरी हसली, राई जेवली. आता कोण राहिलं?

तू! कर बघू आ!