उलट्या पिळाचा दोर

"कोंडाईचा दोर आपल्याच पोटमाळ्यावर आहे बरं का. पण कुणापाशी बोलू नकोस, नाहीतर…"

एवढंच माझ्या कानी आलं. शेजारच्या द्वारकाबाई आपल्या सुनेला सांगत होत्या आणि मी भिंतीच्या अलीकडं ओट्यावर गवार मोडत बसले होते. नेमकी त्याच वेळी समोरची पिठाची गिरणी सुरू झाली आणि 'नाहीतर'च्या पुढचं सगळं तिच्या भकभकीत गेलं. मी भिंतीला कान लावत नाही. भिंतच बुटकी आहे, त्याला मी काय करू?

तुम्ही आमच्या सावरथडीचे असाल, तर एवढं वाचूनच उठून बसला असाल. नसाल, तर आधी कोंडाई कोण ते ऐका, दोराचं मग बघू. जवळ लेकरं असली तर त्यांनाही बसवून घ्या, गोष्ट त्यांचीच आहे.

फार वर्षं झाली त्याला. माझ्या आजेसासूच्या आजेसासूनं ऐकलेली गोष्ट, म्हणजे किती वर्षं ते तुम्हीच मोजा. तेव्हा सावरथडीत कोंडाई नावाची एक म्हातारी राहायची. गावकुसाबाहेर तिचं खोपट होतं आणि दोर वळायचं तिचं काम होतं. विहिरीची मोट तिच्या दोरावर, बैलांचे कासरे तिच्या हातचे, पाळणे तिच्या दोरीला टांगलेले. म्हणजे बघा, तिच्या दोराशिवाय गावाचं पान हलत नव्हतं, पण ती गावात आली की बायका पदर आवरून बाजूला सरायच्या. तेव्हाची रीतच तशी होती.

कोंडाई डावरी होती. त्यामुळं तिच्या दोराचा पीळ उलटा पडायचा. सगळ्यांचा पीळ एकीकडं, तिचा दुसरीकडं. लोक हसायचे, पण तो दोर कधी उकलला नाही, असं म्हणतात.

आता दोर कसा वळतात ते ठाऊक असलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. एक जण एका जागी बसून लाकडी फिरकी फिरवतो. दुसरा त्या फिरकीला वाख, म्हणजे अंबाडीचे धागे, अडकवून, हातातला वाख सोडत सोडत मागं मागं चालत जातो. जेवढा मागं जाईल तेवढा दोर लांब. तोंड फिरकीकडं आणि पाय मागं. कोंडाई साठ वर्षं अशी मागं मागं चालली होती.

एका वर्षी आषाढ सरता सरता गंगामाय, म्हणजे आमची गोदावरी, अशी चढली की गाव पार बुडालं. वेळेवर सगळे म्हसोबाच्या टेकाडावर पळाले. माणूस एकही गेलं नाही, असं म्हणतात. पण घरं बसली, कणग्या वाहून गेल्या, आणि टेकाडाच्या तीन बाजूंनी पाणीच पाणी झालं. वरून पाऊस थांबेना. टेकाडावर सगळी एकाच जागी, सगळी ओली. तिथं गावकूस कुठून आणणार?

मोठी माणसं कामाला लागली. कोणी चूल पेटवू लागलं, कोणी पुरातून लाकडं ओढू लागलं. दोन-तीन दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही, मग आलं, की लेकरं गप्प झाली आहेत.

रडत नव्हती, खेळत नव्हती, खायला मागत नव्हती. घास भरवला तर तो गालात तसाच धरून बसायची. पाटलाची नात ठकू, चार-पाच वर्षांची, एरवी गावभर बडबड करणारी. तिच्या डोळ्यांदेखत त्यांचं घर बसलं होतं. त्या दिवसापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. वैद्यानं मुळी उगाळून दिली. भगतानं मोरपिसं फिरवली. पाटलीणबाईंनी म्हसोबाला नवस बोलला. नऊ दिवस झाले, तरी ठकू गुडघ्यांत हनुवटी खुपसून पाण्याकडं बघत बसलेली. अंगावर हाडं दिसायला लागली.

नवव्या दिवशी, नेमक्या नागपंचमीला, कोंडाई उठून पाटलापुढं आली.

"पाटील, तीन लांब वासे द्या मला."

"कशाला?"

"झोका बांधायचाय."

पाटलाला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. "डोक्यावर छप्पर न्हाई आणि तुला झोका सुचतोय?"

"छप्पर डोक्याला लागतं, झोका जिवाला लागतो," कोंडाई म्हणाली. "नऊ दिस झाले पाटील, ह्या टेकाडावर दोन पोरांचं भांडण ऐकलंय का तुम्ही? मी न्हाई ऐकलं. पोरं भांडंनाशी झाली की गाव गेलं म्हणायचं."

पाटील म्हणाले, "आधी छप्पर. वासे मिळायचे न्हाईत."

"बरं," कोंडाई म्हणाली, "वासे राहू द्या. दोर तरी वळते."

पण वळणार कशाचा? अंबाडीचा वाख पुरात गेलेला. कोंडाई बायकांकडं वळली आणि तिनं पदराची एकेक चिंधी मागितली. अंगावरच्या लुगड्याशिवाय कोणापाशी काही उरलं नव्हतं. त्यातून कोणी म्हणालं, "आमच्या पदराची चिंधी आणि तुमची एकाच दोरात वळणार का गं?"

कोंडाईनं हसून विचारलं, "माझ्या दोरानं काढलेलं पाणी आजवर गोड लागलं ना माय? मग झोका काय कडू लागंल?"

पाटलीणबाईंनी सगळ्यांच्या आधी आपला पदर टरकन फाडला. मग काय, टेकाडभर तोच आवाज. निळी, तांबडी, हिरवी, विटकी, अशी चिंध्यांची रास पडली.

कोंडाईनं फिरकी पुरातूनही काखेत धरून आणली होती. ती तिनं खुंटीला बसवली आणि फिरवायला कोणाला बसवलं? ठकूला.

"अगं, ती ऐकत न्हाई, बोलत न्हाई," पाटलीणबाई म्हणाल्या.

"मला बोलणारी नको, फिरवणारी हवी."

तिनं ठकूचा हात फिरकीवर ठेवला, वर आपला डावा हात ठेवला, चार फेरे दिले आणि हात काढून घेतला. फिरकी फिरत राहिली. कोंडाई चिंध्या जोडत मागं मागं निघाली. प्रत्येक चिंधी वर धरायची आणि म्हणायची, "ही कुणाच्या आईची?" लेकरं बघायला लागली. लेकराला आईचा पदर ओळखायला का वेळ लागतो? एकेक जण सरकत सरकत दोरापाशी आलं. बोललं मात्र कोणीच नाही.

दोर लांब होत गेला. टेकाडाला उतार होता. सगळ्यांचे डोळे दोराच्या रंगांवर, कोंडाईच्या पायांकडं कोण बघतंय? तिचे डोळे तर एकट्या ठकूवर. मागं मागं, मागं मागं. टाचेला पाणी लागलं, तरी थांबली नाही. घोटे बुडाले. पिंढऱ्या बुडाल्या. मागं गंगामाय भोवरे फिरवत होती.

एवढ्यात नवं मडकं टिचावं तसा एक आवाज आला.

"आजी, मागं पाणी हाय."

ठकू बोलली होती.

कोंडाई जागच्या जागी थांबली. "किती हाय गं?"

"गुडघ्याएवढं."

"मग बघत काय बसलीस? वढ की मला."

ठकूनं फिरकी सोडून दोर धरला. तिच्यामागं सगळी लेकरं दोराला लटकली. इकडून लेकरं ओढतायत, तिकडून गंगामाय ओढतेय. टेकाडावरची पोरं गंगामायशी रस्सीखेच खेळली आणि जिंकली, असं म्हणतात. कोंडाई ओढली जाऊन चिखलात बदकन बसली. चिखल उडाला तो नेमका पाटलाच्या मिशांवर. आणि नऊ दिवसांनी टेकाडावर पोरं हसली.

पाटलांनी मिशा पुसत विचारलं, "म्हातारे, खरं सांग, मुद्दाम गेलीस ना पाण्यात?"

"दोर वळणारीला मागचं दिसत न्हाई पाटील," कोंडाई म्हणाली. "म्हणून तर फिरकीवर डोळस माणूस बसवावं लागतं."

आमच्या गावात यावर अजून वाद होतात. निम्मे म्हणतात, तिला पाणी दिसलंच नव्हतं. निम्मे म्हणतात, साठ वर्षं मागं चालणारीच्या पाठीला डोळे फुटलेले असतात. मी दुसऱ्यांतली.

पाटलांनी तिला तीन सोडून सहा वासे दिले. अर्धवट छपराचेच काढून दिले. झोका उभा राहिला आणि पहिली ठकू बसली. कोंडाईनं एकच झोका दिला तो असा उंच गेला, असा उंच गेला, की ठकूचा पाय ढगाला लागला. तिनं ढगाला लाथ मारली. मग दुसऱ्या पोरानं मारली, मग तिसऱ्या. चाळीस पोरांच्या लाथा खाऊन ढग पैठणच्या बाजूला पळाले आणि टेकाडावर ऊन पडलं, असं म्हणतात.

ठकू झोक्यावरून उतरेना. वाण्याची गोदी दोर धरून म्हणाली, "उतर, आता माझी पाळी." ठकू म्हणाली, "न्हाई उतरत." गोदीनं तिची झिंजी धरली, ठकूनं तिला बोचकारलं, आणि बघता बघता सगळी पोरं एकमेकांच्या उरावर बसली. कोणी सोडवायला जाईना. आया उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. पाटील म्हणाले, "भांडू द्या. गाव वाचलं."

भांडण संपल्यावर पोरांना अशी भूक लागली, की घुगऱ्यांचं पातेलं त्यांनी बोटांनी पुसून खाल्लं.

त्या पंचमीनंतर बायकांनी कोंडाईला पाहून पदर आवरला नाही. आवरायला पुरता पदर उरला होता कोणाचा? ती पुष्कळ जगली. शेवटच्या दिवशीही ती टेकाडावर दोर वळत होती. फिरकीवर ठकूची नात होती, भोवती पोरं होती, आणि कोंडाई त्यांच्याकडं हसून बघत मागं मागं चालत राहिली. टेकाडापलीकडं गेली, शेताच्या पलीकडं गेली, ठिपक्याएवढी झाली आणि दिसेनाशी झाली. लेकरांकडं पाठ फिरवून गेलेली तिला कोणी पाहिलं नाही, असं म्हणतात.

तेव्हापासून सावरथडीत दर नागपंचमीला घरोघरच्या पदराची चिंधी निघते. कोणत्या घरची, हे कोणी विचारत नाही. कोंडाईच्या वंशातलं माणूस मागं चालतं आणि फिरकीवर गावातलं सगळ्यांत कमी बोलणारं लेकरू बसतं. घर बांधताना वासे उभे राहिले की छपराच्या आधी त्यांना एक दिवस झोका बांधतात. गवंडी कुरकुरतो, त्याला चहा पाजतात. मागं लांबच्या गावांत भूकंप झाला तेव्हा गावानं भाकरी पाठवल्या, घोंगड्या पाठवल्या आणि वर चार दोर टाकले. तिथल्या साहेबानं विचारलं, "हे कशाला?"

आमचा माणूस म्हणाला, "पोरांना खेळायला."

"एवढंच?"

"साहेब, एवढंच कुणी आणत न्हाई."

आणखी एक रीत होती. जुन्या दोराच्या पोटातली बारीक दोरी काढून नव्या दोराच्या पोटात घालायची. ती दोरी कोंडाईच्या हातची, असं म्हणत. पण आम्ही लग्न होऊन आलो त्याच्या थोडं आधी पूर आला, धावपळीत दोर हरवला, आणि ती रीत तुटली. गावाला त्याची चुटपुट लागून राहिली होती.

आता सांगा, हे सगळं ठाऊक असताना मी गवार मोडत बसू? वाटी घेतली आणि विरजण मागायला द्वारकाबाईंच्या दारात गेले.

मला बघताच त्यांची सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. द्वारकाबाई म्हणाल्या, "हस, हस. मी काय सांगितलं होतं?"

"काकू," सून म्हणाली, "आत्याबाई म्हणाल्या होत्या, कुणापाशी बोलू नकोस, नाहीतर शेजारच्या काकू विरजणाची वाटी घेऊन येतील."

असो. विरजणही मिळालं आणि दोरही बघायला मिळाला. द्वारकाबाईंना खात्री झाल्याशिवाय गावभर करायचं नव्हतं, म्हणून आम्ही फक्त सुदामबापूंना बोलावलं. ते कोंडाईच्या वंशातले, दोर तेच वळतात. माझ्या मागोमाग गल्लीतल्या अकरा बायका कशा आल्या, ते मला ठाऊक नाही.

सुदामबापूंनी दोर पायरीवर पसरला आणि म्हणाले, "हा कोंडाईचा न्हाई."

सगळ्यांची तोंडं उतरली. त्यांनी एक चिंधी ओढून दाखवली. फुलाफुलाचं नायलॉन होतं.

"अगंबाई, हे तर आमच्या सासूबाईंचं पातळ," द्वारकाबाई म्हणाल्या. म्हणजे हा त्या पुरातच हरवलेला दोर. सासूबाईंनी वर टाकला आणि विसरून गेल्या.

"थांबा की," सुदामबापू म्हणाले. ते दोर उलगडत गेले आणि पोटातून सुतळीएवढी एक दोरी निघाली. ती त्यांनी बोटांतून सरकवत नेली. ठिगळावर ठिगळ होतं तिला, किती हातांनी जोडलेली. सरळ पीळ, सरळ पीळ, सरळ पीळ. मग त्यांची बोटं थांबली.

"ह्यो बघा."

वीतभर तुकडा होता. काळा पडलेला, पण घट्ट. त्याचा पीळ उलटा होता.

तेव्हा दोर कोंडाईचा, ही अफवा वीतभर खरी निघाली, बाकी बारा हात खोटी. आमचं तेवढ्यावर भागलं.

या पंचमीला ती वीतभर दोरी नव्या दोराच्या पोटात गेली. टेकाडावर झोका चढला. फिरकी फिरवणारी अबोल पोर पहिली बसली आणि दोन झोके झाले नाहीत तोवर खालून कोणीतरी ओरडलं, "उतर, आता माझी पाळी."

ती उतरेना. मग जे भांडण जुंपलं, त्याचा आवाज पार नदीपर्यंत गेला. आम्ही बायका फाटके पदर मांडीवर घेऊन निवांत ऐकत बसलो. हे काही असं म्हणतात म्हणून सांगत नाही. मी तिथं होते, आणि सगळ्यांत पुढं बसले होते.