बिब्ब्याचे फूल

वेत्रवती नगरीवर धृतिमान राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन राहिले होते. राजा मनाने चांगला, पण राग मात्र नाकावर.

एकदा त्याचा लहानगा युवराज भद्रसेन शिकारीच्या तळावरून भटकत रानात शिरला. तिथे सोनकी नावाची रानातली बाई बिब्बे वेचत होती. पोर भुकेले दिसले म्हणून तिने त्याला ओंजळभर बिब्बे दिले. दुसऱ्या दिवशी पोराचे तोंड सुजून भोपळा झाले आणि त्याला बोलताही येईना. शिपायांनी माग काढून सोनकीला टोपलीसकट दरबारात ओढून आणले.

"माझ्या लेकराला विष घातलं! हिला सुळावर चढवा, आणि ते बिब्ब्याचं झाडही तोडा!" राजा गरजला.

सोनकीची तान्ही लेक घरी झोळीत होती. तिला आता कोण पाजणार, एवढेच तिच्या मनात येत होते.

दरबारी मागे सरकले. आपणहून आपली मान कोण अडकवणार! बोधिसत्त्व मात्र उठून तिच्यापाशी गेले.

"बाई, देताना काय सांगितलंस?"

"'फूल खा, फळ टाक' म्हनलं, बाबा. लेकराला इख देईन व्हय मी?"

दरबारी हसले. फूल खायचे म्हणे!

बोधिसत्त्व हसले नाहीत. त्यांनी तिच्या टोपलीतला एक बिब्बा युवराजाच्या हातात ठेवला. "कसा खाल्लास ते दाखव, बाळ."

वर पिवळाधमक मऊ देठ, खाली काळेकुळकुळीत फळ. पोराने देठ तोडून फेकला आणि फळ तोंडाशी नेले. अमात्यांचा हात आडवा आलाच होता, पण सोनकी त्यांच्याहून चपळ. शिपायांना झिडकारून तिने झेप घेतली आणि ते फळ उडवून लावले.

"आरं नको! इख त्याच्यातच हाय! त्यो देठ खायाचा, त्यालाच आमी फूल म्हनतो!"

पोराने फेकलेला देठ बोधिसत्त्वांनी उचलला, उपरण्याला पुसला आणि सर्वांदेखत खाल्ला.

"गोड आहे, महाराज. विष घालणारी बाई अशी धावत नाही. युवराजांना वाटलं, फुलं कुठं कोणी खातं का! म्हणून त्यांनी देठ टाकला आणि फळ खाल्लं."

राजाने मोठा सुस्कारा सोडला. अमात्यांनी वेळीच त्याच्या रागात बिब्बा घातला, म्हणून एक पाप टळले. खाली मान घालून तो म्हणाला, "माय, आता याला काय लावू?"

"खोबरेल लावा," सोनकी म्हणाली, आणि मग कुठे तिला रडू कोसळले. झाड वाचले. दिवस मावळायच्या आत ती लेकीला पाजत होती.

एवढे सांगून भगवान भिक्षूंना म्हणाले, "तो राजा म्हणजे आपला आनंद, युवराज तो राहुल, सोनकी ती उत्पलवर्णा, आणि अमात्य मी होतो. दुसऱ्याचा शब्द त्याच्याच अर्थाने ऐकून घेणे, ही त्या जन्मातली माझी प्रज्ञा."