वाकड्या शेपटीची ताम्रकेशी

एका राज्यात चुली पेटत होत्या, पण भात शिजत नव्हता. लाकडे धडधडून जळत, ज्वाळा तव्याला वेढून घेत, आणि तव्यावर हात ठेवावा तर तो ओढ्यातल्या दगडासारखा गार लागे. बायका तांदूळ भिजवून, वाटून, गुळात कालवून पोरांपुढे ठेवत. म्हातारी माणसे शेकोटीभोवती बसून कुडकुडत. आग दिसत होती, उजेड पडत होता. ऊब मात्र राज्यातून निघून गेली होती.

कारण सर्वांना ठाऊक होते. फार पूर्वी धूम्रजट नावाचा जादूगार राजवाड्यात जेवायला आला असता त्याच्या पानात निवलेला भात पडला. तो पानावरून उठला आणि त्याने राज्यातल्या साऱ्या अग्नीला शाप दिला. त्या शापावर एकच उतारा सापडला. ताम्रकेशी कुळातली मांजर राजवाड्याच्या चुलीपाशी बसली, की ती तिथे असेतो शाप झोपून राही. तेव्हापासून राजवाड्यात एकीमागून एक ताम्रकेशी आणली जाई, चांदीच्या साखळीने चुलीशी बांधली जाई, आणि सवय झाली की साखळी सुटे. त्यांतली शेवटची केशर.

केशर म्हातारी झाली, तिचे दात पडले, आणि एका सकाळी राजकन्या पद्मरेखेच्या मांडीवर तिने डोळे मिटले. त्याच घटकेला चुलीवरचे उकळते दूध निवले. वेळीच दुसरे पिल्लू आणावे असे प्रधानांनी सुचवून पाहिले होते, पण केशर जिवंत असताना दुसरीचे नाव काढलेले पद्मरेखेला खपत नसे.

तिचे वडील, राजा सोमकेतू, वयाने थकलेले. गार अन्न त्यांना पचेना. वैद्यांनी पद्मरेखेला बाजूला बोलावून सांगितले, "थंडी पडायच्या आत ऊब परतली नाही, तर महाराज हा हिवाळा काढणार नाहीत."

पद्मरेखेने त्याच दिवशी प्रवासाची तयारी केली. वेशीच्या भिंतीवर एक भारद्वाज पक्षी बसला होता. लाल डोळा तिच्यावर रोखून तो म्हणाला, "राजकन्ये, पिल्लू आणायला निघालीस?"

"होय."

"तर तीन गोष्टी ऐकून जा. आईला पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नकोस. आईनं सोडल्याशिवाय पिल्लू उचलू नकोस. आणि घरी आणल्यावर त्याला चुलीपाशी ठेवू नकोस; बसायचं तर ते आपलं आपण बसेल."

"आणि ताम्रकेशी ओळखायची कशी?"

"जवळ दिवा लाव. ज्योत तिच्याकडे झुकेल."

पद्मरेखेने मान लवविली आणि घोडा पुढे हाकला.

राज्याची सीमा ओलांडली तसा एक मोठा रेशमी तंबू लागला. तंबूत सोन्याचे पिंजरे टांगलेले, आणि पिंजऱ्यापिंजऱ्यात मांजरीचे पिल्लू. कुणी दुधासारखे पांढरे, कुणी निळसर राखाडी, कुणाच्या गळ्यात मोत्यांची माळ. एकही पिल्लू ओरडत नव्हते. गादीवर बसलेला मालक उठून सामोरा आला. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता.

"ताम्रकेशी हवी ना?" तो म्हणाला. "बघा."

त्याने एका पिंजऱ्यावरचे वस्त्र दूर केले, आणि पद्मरेखा एक पाऊल पुढे सरली. आत केशर होती. तीच तांबूस कांती, तोच उजव्या कानावरचा काळा ठिपका, तशीच मान तिरकी करून पाहण्याची रीत. फक्त वय तेवढे पिल्लाचे.

"हिची आई कुठे आहे?" पद्मरेखेने विचारले.

"आई लांबच्या प्रवासाला गेली आहे."

"मग जवळ दिवा लावा."

"दिव्यानं पिल्लं बुजतात, राजकन्ये. आणि इतकी ओळखीची वस्तू पारखून काय घ्यायची?"

पद्मरेखेला भारद्वाजाचे शब्द आठवत होते. पण पिल्लाने पिंजऱ्यातून पंजा बाहेर काढला, केशर काढी अगदी तसा, आणि तिचे मन विरघळले. "मोल काय?" ती म्हणाली.

"फार नाही. तुमच्या तळहातांची ऊब."

तिने हात पुढे केले. मालकाने ते आपल्या हातांत धरले आणि सोडले. तेवढ्याने तिचे तळवे पाण्यात ठेवलेल्या लोखंडासारखे झाले.

दुपारी ती नदी उतरत होती. उराशी धरलेल्या पिल्लावर पाण्याचे चार थेंब उडाले. पिल्लू भिजले, आकसले, आणि पाहता पाहता तिच्या ओंजळीत शेवरीच्या कापसाचा एक गोळा उरला. पद्मरेखा काठावर बसली. केशर गेली तेव्हा राज्यात एकच धांदल उडाली होती, तिला रडायला सवडच मिळाली नव्हती. आता तिने सवडीने रडून घेतले. मग तोंड धुतले, कापूस नदीत सोडला आणि ती पुढे निघाली.

टेकडीवर वसुमती नावाच्या बाईंचे घर होते. त्यांच्या घराण्यात ताम्रकेशी मांजरांचा वंश सांभाळला जाई. घरभर दिवे लावलेले होते आणि त्यांच्या ज्योती सतत हलत होत्या. ज्या वाटेने मांजर जाई तिकडे ज्योत वळे. कोनाड्यात एक मांजरी आपल्या चार पिल्लांना पाजत पडली होती. वसुमतीबाईंनी पाहुणीला गरम कढी दिली. पद्मरेखेने दोन्ही हातांनी वाटी धरली. पोटाला ऊब कळली, तळव्यांना कळली नाही.

"तंबूत जाऊन आलीस तर," तिचे हात पाहून वसुमतीबाई म्हणाल्या. "तो धूम्रजट. त्याच्याकडे मांजर नाहीच. ज्याला जे हवं असतं ते तो कापसात दाखवतो."

"चूक झाली, माई. आता आईसमोर पिल्लू मागायला आले आहे."

"मागशील. आधी मी विचारते. तुझी पहिली मांजर कशी गेली?"

"म्हातारी होऊन. माझ्या मांडीवर."

"पिल्लानं सिंहासनाचं मखमल ओरबाडलं तर?"

"मखमल दुसरं शिवता येईल."

"आणि तुमची चूल तापलीच नाही, तर त्या पिल्लाचं काय करशील?"

वडिलांचा चेहरा पद्मरेखेच्या डोळ्यांपुढे आला. "दुःख होईल," ती हळू म्हणाली, "पण पिल्लू माझंच राहील."

वसुमतीबाईंनी मान डोलावली. "तुला मी डोळे मिटून पिल्लू दिलं असतं. पण या चारही पिल्लांसाठी मी आधीच दुसऱ्यांना शब्द दिला आहे. शब्द मोडला तर माझ्या घराला अर्थ राहणार नाही."

"मग मी काय करू?"

"माझी एक मांजरी पलीकडच्या राजानं नेली होती. तिला एकच पिल्लू झालं, तेही वाकड्या शेपटीचं. वंश बाटला म्हणून त्यानं दोघींना रानात टाकून दिलं." त्यांनी कोनाड्यातल्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला. "नेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, नको झाली तर माझ्या दारात आणून सोडा, रानात सोडू नका. त्यानं ऐकलं नाही. ऐकते ते असं, की कुंभलेनं त्यांना उचलून नेलं."

"कुंभला कोण?"

"राक्षसीण आहे. टाकलेली मांजरं सांभाळते. माझ्या मांजरीला तिथं करमलं आहे, म्हणून मी परत मागितली नाही. बघ, तुला पिल्लू देते का."

कुंभलेची गुहा डोंगराच्या कुशीत होती. गुहेच्या तोंडाशी ती बसली होती, ताडाएवढी उंच, आणि तिच्या जटांत मांजरे झोपली होती. काही लंगडी होती, काही कानतुटकी, एक बोका दोन्ही डोळ्यांनी आंधळा. मांजरे दचकू नयेत म्हणून राक्षसीण अगदी हळू बोले.

"काय हवं?"

"वाकड्या शेपटीचं पिल्लू."

"का?"

पद्मरेखेने सारे सांगितले. तंबूतलेही लपवले नाही. कुंभलेने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तीन कामं आहेत. गुहा झाडून काढ. आंधळ्या बोक्याला हातानं भरव. आणि पिल्लू जवळ येईतो बसून राहा. हाक मारायची नाही, हात लांबवायचा नाही."

राजकन्येने पदर खोचला. गुहेतली घाण केरसुणीने लोटून तिने बाहेर नेली, नवी वाळू आणून पसरली. आंधळ्या बोक्याला मासा भरवायला गेली तर तिच्या गार बोटांना हुंगून तो फिस्कारला. तिने मासा दगडावर उन्हात ठेवला, कोमट झाल्यावर पुढे केला, तेव्हा त्याने खाल्ला.

मग ती बसून राहिली. समोर दगडावर ताम्रकेशी मांजरी पहुडली होती, तिच्या कुशीत पिल्लू. त्याची शेपूट मध्येच काटकोनात वळलेली. कानावर काळा ठिपका नव्हता. डोळे पिवळे होते, केशरचे हिरवे. ते केशरसारखे कुठूनही दिसत नव्हते, आणि बसून बसून पद्मरेखेला ते बरे वाटू लागले. पिल्लू दोनदा जवळ आले, तिच्या तळहाताला नाक लावून परत फिरले. तिसऱ्यांदा तळहात टाळून ते बाहीवरून वर चढले आणि तिच्या मानेशी, जिथे अजून ऊब होती तिथे, अंगाची गुंडाळी करून झोपले. गुहेतल्या दिव्याची ज्योत तिच्या खांद्याकडे झुकली.

"तुला निवडलं त्यानं," कुंभला म्हणाली.

"मग नेऊ?"

"अजून अंगावर पितं आहे. आईनं सोडू दे."

पद्मरेखा थांबली. रोज ती झाडलोट करी, बोक्याला भरवी, पिल्लाला मानेशी घेई. एके दिवशी भारद्वाज उडत आला. "राजकन्ये, तळ्याच्या कडांना बर्फ धरलं आहे. महाराज अंथरुणातून उठत नाहीत."

ती उठून उभी राहिली. पिल्लू आईला लुचत होते. कुंभला पाणी आणायला गेली होती. चार पावले टाकली की पिल्लू हातात, आणि घोडा बाहेर बांधलेला. मांजरीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले, आणि निर्धास्तपणे पुन्हा मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांपुढे पद्मरेखेचे पाऊल उचलेना. ती खाली बसली. "बाबांना सांग," ती भारद्वाजाला म्हणाली, "मी येते आहे. थोडं थांबा."

थोड्याच दिवसांत मांजरीने लुचायला आलेल्या पिल्लाला पंजाने बाजूला सारले. पिल्लू पुन्हा गेले. तिने पुन्हा सारले, त्याचे तोंड चाटले, आणि जाऊन कुंभलेच्या जटांत झोपली. कुंभलेने स्वतः पिल्लू उचलून पद्मरेखेच्या मानेशी ठेवले. "सांभाळ," एवढेच ती म्हणाली, आणि तोंड फिरवून गुहेत गेली.

राजवाड्यात प्रधान चांदीची साखळी घेऊन उभेच होते.

"बांधायची नाही," पद्मरेखा म्हणाली.

"राजकन्ये, ही परंपरा आहे. महाराजांचा जीव टांगणीला लागला आहे!"

वादाच्या आवाजाने पिल्लू बुजले, तिच्या खांद्यावरून उडी मारून स्वयंपाकघरातल्या मडक्यांच्या उतरंडीमागे शिरले ते बाहेर येईना. प्रधान काठी मागवू लागले. तेवढ्यात दोन सेवकांच्या आधाराने राजा सोमकेतू दारात आले. ओठ निळे पडलेले, पण आवाज शांत.

"प्रधानजी, नवी सून घरात आली, तर पहिल्याच दिवशी तिला चुलीला बांधता काय?"

प्रधानांनी साखळी खाली ठेवली. राजे तिथेच पाटावर बसले, पद्मरेखा त्यांच्याशेजारी. तिने वडिलांना आपली शाल पांघरली. चुलीवर तांदळाचे पातेले चढवलेले होते. खाली गार ज्वाळा नाचत होत्या. दिवस कलला, रात्र गेली, पुन्हा ऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. तेव्हा चुलीतल्या ज्वाळा एकाएकी उतरंडीकडे झुकल्या.

पिल्लू बाहेर आले. त्याने पातेले हुंगले, राजांचा अंगठा हुंगला, पद्मरेखेभोवती एक फेरी मारली. मग चुलीपुढच्या राखेत चढून ते गोल फिरले आणि बसले. त्याच्या घशात घुरघुर सुरू झाली.

पातेल्याच्या तळाशी एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग झाकण खडखडू लागले. पद्मरेखेच्या तळहातांना मुंग्या आल्या, आणि तिने ते वडिलांच्या गालांना लावले तेव्हा राजांनी डोळे मिटून घेतले. तिकडे सीमेवर धूम्रजटाच्या रेशमी तंबूने पेट घेतला आणि पिंजऱ्यांतला सारा कापूस उडून गेला. धूम्रजट चालत कुठे निघून गेला ते कुणी पाहिले नाही.

एवढ्यात पिल्लू उठले. राख झटकून, उंबरा ओलांडून ते अंगणातल्या उन्हात जाऊन आडवे झाले. प्रधानांनी डोळे गच्च मिटले.

पातेले खदखदतच होते.

"आजवर इथे मांजरं बांधून बसवली," खिडकीतून भारद्वाज म्हणाला, "म्हणून शाप नुसता झोपत होता. आज तो मेला."

पद्मरेखेने पेज वाटीत ओतली, फुंकर घातली, आणि वडिलांच्या हाती दिली. राजांनी एक घोट घेतला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि लेक हसू लागली.

त्या दुपारी राज्यातल्या सगळ्या घरांतून वाफ निघत होती, आणि लहानथोर सर्वांनी दोनदा भात खाल्ला.